डोळ्याचं पाणी पिणारं पाखरू

१

धर्मपाल सरांचा रविवार नऊ वर्षांपासून ठरलेला होता. साडेसहाला बोरी अरबच्या घरातून मोटरसायकल काढायची आणि सातच्या आत पांगरीच्या तांड्यावर पोचायचं. तांड्याच्या शेवटच्या घरापुढं देवसिंग उभा असायचा, डोक्याला दुपट्टा, हातात काठी. मग दोघं नाल्याच्या काठानं एक किलोमीटर चालायचे. एका किलोमीटरला एक तास. डावीकडं अडीच मीटर, उजवीकडं अडीच मीटर, एवढ्या पट्ट्यात जी फुलपाखरं दिसतील ती सरांनी वहीत उतरवायची. देवसिंगचं काम म्हणजे वाटेत साप आहे का ते पाहणं. पण खरं सांगायचं तर अर्धी पाखरं देवसिंगलाच आधी दिसायची. पन्नाशीचा हा माणूस तरुणपणी वनखात्याच्या रोपवनात मजुरीला होता. सागाच्या पानामागं दडलेली अळी त्याला चालता चालता दिसायची.

सर दारव्ह्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवायचे. नाल्याकाठचा तो तुकडा सरकारी कागदावर झुडपी जंगल होता. साग, बांबू, पळस आणि मधल्या मोकळ्या जागेत कमरेएवढं गवत. तिथं गिट्टीची खदान होणार असं दोन वर्षांपासून बोललं जात होतं. सर एका अधिकाऱ्याला जाऊन भेटले, तेव्हा तो हसून म्हणाला होता, "झुडपं पाहून कोणी थांबत नाही हो. काही दुर्मीळ दाखवा, मग वर कळवू."

दुर्मीळ असं तिथं एकच होतं. दोन बोटं रुंदीचं एक तपकिरी फुलपाखरू. मिटलेल्या पंखांवर वाळल्या सागपानासारख्या शिरा आणि चार गोल ठिपके. पाच वर्षांपूर्वी ते सरांना एकदा दिसलं होतं, श्वासभर. फोटो निघाला नाही. जिल्ह्यात ते शेवटचं कधी कोणी पाहिलं, हे सांगणारंही कोणी उरलं नव्हतं.

त्या रविवारी पोळा होऊन आठ दिवस झाले होते. देवसिंगचे डोळे लाल होते आणि गालांवरून सारखं पाणी ओघळत होतं.

"काय झालं, देवसिंगभाऊ?"

"काही नाही सर. काल पुंडलिकरावच्या वावरात फवारा मारला. यंदा कपाशी डोक्याच्या वर गेली ना. पंपाची नळी वर धरा लागते, अन् सारं तोंडावर येते."

पुंडलिकरावांचं कपाशीचं वावर जंगलाला लागूनच होतं. तांड्यातले दहाबारा जण तिथं फवारणीला जायचे.

"डोये धुतले काय?"

"धुतले. पाणी थांबूनच नाही राह्यलं."

बांबूच्या बेटापाशी सावलीत देवसिंग एकदम थांबला. सरांना वाटलं, साप. पण देवसिंग खाली पाहत नव्हता. त्याच्या डाव्या डोळ्याच्या कडेला एक वाळकं पान चिकटलं होतं. सरांनी ते काढायला हात पुढं केला आणि तसाच थांबवला. पानातून केसाएवढी सोंड उलगडली आणि डोळ्याच्या कोपऱ्यात टेकली.

"हलू नका," सर पुटपुटले. "हलू नका, देवसिंगभाऊ."

त्यांनी कॅमेरा काढला. फुलपाखरं घामातलं, जनावरांच्या डोळ्यांतलं मीठ चाटतात, यात नवल काही नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पाखरू अकरा मिनिटं बसून होतं. सर अकराही मिनिटं फोटो काढत होते. ते उडून गेल्यावर मात्र एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. एवढ्या वेळात देवसिंगची पापणी एकदाही लवली नव्हती.

२

संध्याकाळी त्यांनी फोटो जयाबाईंना दाखवले. जयाबाई उपकेंद्रात आरोग्य सेविका होत्या. दिवसभराच्या फिरतीनं दमून आल्या होत्या, तरी नवऱ्याचा चेहरा पाहून त्या कॉम्प्युटरपाशी येऊन बसल्या.

"हे पाहा, हेच ते. पाच वर्षं झाली."

जयाबाईंनी पाखराकडं पाहिलंच नाही. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं ते देवसिंगच्या डोळ्यावर.

"याची बाहुली पाह्यली काय तुम्ही? मोहरीएवढी झाली. हे फवाऱ्याचं विष आहे. या हप्त्यात असे चार जण पाह्यले मी. याले दवाखान्यात न्या लागते."

"नेतो ना."

"कधी?"

सर फोटो मोठा करून पंखावरचे ठिपके पाहत होते. बाहेर फिकट पिवळं कडं, आत राखाडी गोल आणि मधोमध काळा कण. जयाबाई उठता उठता म्हणाल्या, "पाखराचा बी डोया तसाच दिसते. मोहरीएवढा."

त्या स्वयंपाकघरात गेल्यावर सरांनी बाकीचे फोटो एकेक करून पाहिले. सत्ताविसाव्या फोटोपाशी ते थांबले. देवसिंगच्या बाहीवर एक पाखरू होतं. दुपट्ट्याच्या घडीत दुसरं. दोघांचेही पंख मिटलेले, सोंडा देवसिंगच्या चेहऱ्याच्या दिशेनं. सरांनी तर एकच पाहिलं होतं. तासभर ज्या माणसाचं काम फक्त पाहणं हेच असतं, त्याला हातभर अंतरावरची दोन पाखरं दिसली नाहीत. रंग मातकट, दुपट्टा मातकट, नसतील दिसली, असं म्हणून त्यांनी कॉम्प्युटर बंद केला.

पुण्याच्या एका जाणकाराला त्यांनी फोटो पाठवले होते. उत्तर दोनच दिवसांत आलं. पंखांची वरची बाजू दिसत नाही, फोटोवरून खात्रीनं सांगता येणार नाही. तेच असेल तर फार मोठी गोष्ट आहे. एक नमुना लागेल.

नऊ वर्षांत सरांनी एकही फुलपाखरू मारलं नव्हतं.

३

पुढच्या रविवारी देवसिंगनं चालताना सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "धुकं पडल्यावानी दिसते," तो म्हणाला. काठी त्यानं घरीच ठेवली होती.

जंगलात काहीच नव्हतं. पिवळी नाहीत, निळी नाहीत, गवतात उड्या मारणारी बारकी नाहीत. कुठं सातभाई पक्षी कलकलत नव्हते, की एखादा टोळ उडत नव्हता. वाऱ्याबरोबर कपाशीच्या वावरातून औषधाचा उग्र वास येत होता. वहीतलं त्या दिवसाचं पान कोरंच राहिलं असतं. पण ती तपकिरी पाखरं होती. सरांनी सात मोजली, आणि सातही पुढच्या वाटेवर नव्हती. मागं होती. सर वळून पाहायचे, तेव्हा ती जमिनीवर पंख मिटून बसलेली असायची. पुन्हा दहा पावलं चालून वळलं की तेवढीच जवळ.

सगळे किडे मेले आणि एवढीच जगली, हे कसं? सरांनी कारण शोधलं. यांच्या अळ्यांवर जगणाऱ्या गांधीलमाश्या औषधानं मेल्या असतील, म्हणून यांची संख्या वाढली. कारण पटण्यासारखं होतं. तरी वळून पाहणं त्यांनी थांबवलं.

"ते घरी बी येतेत, सर," देवसिंग सहज म्हणाला.

"घरी? कधी?"

"दुपारी. मी पडलो की."

सरांच्या छातीत आनंदानं धडधडलं. "किती असतात?"

"आता मले कुठं मोजता येते?"

परतताना सर म्हणाले, "भाऊ, आपण यवतमाळले जाऊ. डोये दाखवू."

"आणखी दोन दिवसांचं फवारणं आहे. बोंडअळी लय पडली. मंग जाऊ."

सरांनी आणखी एकदा म्हणायला हवं होतं. हात धरून मोटरसायकलवर बसवायला हवं होतं. पण देवसिंगचे डोळे बरे झाले, पाणी थांबलं, तर मग पाखरं... हा विचार त्यांनी पुरा होऊ दिला नाही. "बुधवारी दुपारी येतो," एवढंच ते म्हणाले.

४

बुधवारी बाराच्या सुमारास सर तांड्यावर पोचले. देवसिंगची बायको लालीबाई अंगणात डाळ निवडत होती.

"या सर. आत पडले हायेत. उजेड सोसत नाही म्हणते."

घर म्हणजे एकच लांबट खोली. वर टिनाचं छप्पर, खिडकीला खताची रिकामी पोती ठोकलेली. बाहेर ऊन रणरणत होतं आणि तापलेलं टिन मधूनच टण्णकन वाजत होतं. आत पाऊल टाकल्यावर सरांना काही दिसेना. ऐकू मात्र येत होतं. कोणी कोरडं पान दोन बोटांत धरून सावकाश चोळावं, तसा आवाज. तो भिंतीतून येत नव्हता, छपरातून येत नव्हता. खाट जिथं असावी तिथून येत होता. फुलपाखराच्या पंखांचा आवाज माणसाला ऐकू येत नाही, असं सर दर वर्षी मुलांना शिकवायचे. कणगीत किडे झाले असतील, असं ते मनाशी म्हणाले.

हळूहळू खाट दिसू लागली. देवसिंग उताणा झोपला होता. चेहऱ्यावर त्यानं तपकिरी फडकं पसरलं होतं.

मग ते फडकं मधोमध फाटलं. त्यातून देवसिंगचं नाक दिसलं, मग एक गाल. फडक्याचे तुकडे जरा वर झाले आणि पुन्हा जागच्या जागी बसले.

"कोण? सर काय?"

"हो. देवसिंगभाऊ, यायले हाकलत काहून नाही?"

"कायले हाकलू? लय आग होते डोयाची. यायनं पाणी पेलं की थंड वाटते." देवसिंगचे ओठ पंखांच्या आड हलत होते. "एकच गोष्ट आहे. हे बसले की मले भलतंच दिसते."

"काय दिसते?"

"आपलं जंगल. पण खालून. गवताच्या बुडाशी बसून पाह्यल्यावानी."

विष डोक्यात गेलं, सरांना वाटलं. त्याला आत्ताच्या आत्ता न्यायला हवं. पुण्याहून आलेलं उत्तरही त्यांना त्याच क्षणी आठवलं. आधी एक नमुना, मग लगेच गाडी. ते खाटेशी वाकले. पाखरं उडाली नाहीत. देवसिंगच्या उजव्या डोळ्याशी बसलेल्या एकाचे मिटलेले पंख त्यांनी चिमटीत धरले आणि उचलून घेतलं. पंख बोटांना थंड लागले. पाठ वळवून ते दाराच्या फटीतल्या उजेडाकडं गेले आणि अंगठ्यानं त्याची छाती हलकेच दाबली. दाताखाली तांदळाचा दाणा मोडावा, एवढंच काहीतरी झालं.

मागून देवसिंग म्हणाला, "सर, दिवा काहून मालवला?"

खोलीत दिवा नव्हता. दुपारचे सव्वाबारा झाले होते.

सर वळले. देवसिंगचा चेहरा उघडा होता. एकही पाखरू नव्हतं. खिडकीची पोती जशीच्या तशी होती आणि दारात सर स्वतः उभे होते. ती कुठून गेली, हे त्यांना नंतरही कधी कळलं नाही. देवसिंगचे डोळे सताड उघडे होते. तो हात लांब करून हवेत काहीतरी चाचपडत होता.

"लावा ना सर. काहीच नाही दिसून राह्यलं."

५

तांड्यातल्या पूनमसिंगच्या काळीपिवळी जीपमधून त्यांनी देवसिंगला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. वॉर्डात जागा नव्हती. एकेका खाटेवर दोघं, काही खाली सतरंजीवर. सगळे फवारणीचे. कोणाच्या डोळ्यांवर कापसाच्या घड्या, कोणाच्या तोंडाला फेस. एक म्हातारा येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होता, "किती वाजले?" उत्तर मिळालं की जरा वेळानं पुन्हा तेच.

डॉक्टरीणबाई तरुण होती. तीन दिवस झोपली नसावी. तिनं देवसिंगच्या डोळ्यांत टॉर्च मारली.

"बाहुल्या बारीक झाल्यात. इंजेक्शन दिलं की मोठ्या होतील. या औषधानं पेशंट बडबडतो, भास होतात. घाबरू नका. बहुतेकांना चार-सहा दिवसांत दिसायला लागतं."

हे ऐकून सरांना पहिल्यांदा धीर आला. प्रत्येक गोष्टीला नाव होतं, कारण होतं. त्यांनी ते पाखरू कागदाच्या त्रिकोणी पुडीत घडी घालून ठेवलं होतं. पुडी पत्र्याच्या डबीत, डबी शर्टाच्या खिशात.

लालीबाई खाटेच्या पायथ्याशी बसली होती. देवसिंगनं दोनदा नाकानं हवा ओढली. मग म्हणाला, "लाली, इथं कागदाचा वास काहून येते?"

"औषधाचा येत असन."

"नाही. कागद आहे. दोन्ही बाजूनं दाबून राह्यला."

सर उठून व्हरांड्यात गेले. तिथं त्यांनी खिशावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. भास होतात, असं डॉक्टरीणबाई म्हणाली होती.

६

शुक्रवारी दुपारी कॉलेजची प्रयोगशाळा रिकामी होती. सरांनी पुडी उघडली, पाखराच्या छातीतून टाचणी आरपार घातली आणि ते लाकडी पाटीवर पंख पसरून बसवलं. पंखांच्या वरच्या बाजूचे फोटो घेतले. मग पाखरू उलटं टोचून पाटी दिव्याखाली धरली आणि भिंगातून खालच्या बाजूचे ठिपके पाहिले.

पिवळं कडं होतं. राखाडी गोल मात्र नव्हता. कड्याच्या आत सगळं काळंभोर.

त्यांनी पहिल्या रविवारचा फोटो काढून शेजारी ठेवला. फोटोत मोहरी होती, इथं मिरी. चारही ठिपक्यांत. मेलेल्या पाखराच्या खुणा बदलत नसतात. दमट हवेनं रंग पसरला असेल, पाखरू दुसरं असेल, नर-मादीचा फरक असेल. सरांनी तिन्ही कारणं वहीत लिहिली आणि पुन्हा भिंग लावलं. डोळा ठिपक्याच्या अगदी जवळ नेला. आपल्याला कोणीतरी ओळखलं आहे, असं त्यांना वाटलं. रस्त्यात ओळखीचा माणूस समोरून आला की हात वर करण्याआधी क्षणभर जे वाटतं, तसं. त्यांनी भिंग खाली ठेवलं. पाखरू तसंच, ठिपके वर ठेवून, काचेच्या झाकणाच्या लाकडी पेटीत टोचून त्यांनी घरच्या कपाटात बंद केलं.

शनिवारी ते दवाखान्यात गेले. वॉर्डातले निम्मे लोक उठून बसले होते. वेळ विचारणारा म्हातारा स्वतःच्या हातानं चहा पीत होता. देवसिंग तसाच पडून होता. औषधानं त्याच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या, एवढ्या की डोळ्यांत काळ्याशिवाय काही उरलंच नव्हतं.

"सर आले," लालीबाईनं सांगितलं.

"माहीत आहे. काल बी आल्ते."

"काल नव्हतो आलो, भाऊ. मी कॉलेजात होतो."

"तेच म्हणतो. दुपारी तुम्ही मले लय जवळून पाह्यलं. तुमचा डोया केवढा मोठा, सर! ताटाएवढा. तुम्ही काही लिहीत बी होते." देवसिंगनं ओठांवरून जीभ फिरवली. "त्याच्या आधी माह्या छातीतून काहीतरी आरपार गेलं. दुखलं नाही. पण तवापासून हालता नाही येत."

सरांनी त्याचा हात उचलून पाहिला. हात निर्जीव होता, सोडल्यावर गादीवर पडला. डॉक्टरीणबाई म्हणाली, "विषाचा उशिराचा परिणाम. हातापायांतलं बळ जातं. श्वासावर लक्ष ठेवायला लागेल." यालाही नाव होतं. सर ते नाव ऐकून घेत होते, मान हलवत होते.

त्या संध्याकाळी त्यांनी जयाबाईंना सगळं सांगितलं, खोलीतल्या अंधारासकट, अंगठ्यासकट. जयाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माह्या डोक्यात बसत नाही हे. पण ते कपाटात कायले ठेवलं? तिकडं घेऊन जा. त्याच्यापाशी उघडून तर पाहा."

सोमवारी भेटीच्या वेळेत सर पेटी घेऊन गेले. लालीबाई पाणी आणायला गेली होती. त्यांनी काचेचं झाकण काढलं आणि पेटी देवसिंगच्या चेहऱ्यासमोर धरली. देवसिंगचे डोळे कापसाच्या घडीखाली झाकलेले होते.

"उजेड झाला," देवसिंग म्हणाला. त्याचा आवाज एकदम मोकळा झाला. "सर, दिसते! खाट दिसते. सलाईन दिसते. भित्तीचा हिरवा रंग दिसते."

सरांनी पेटी घट्ट धरली.

"पण हा कोण पडला इथं?"

"कुठं, भाऊ?"

"हा काय, समोर. म्हातारा. डोयावर कापूस ठेवला याच्या." देवसिंग जरा थांबला. त्याच्या आवाजात कळवळा होता. "याचं कोणी नाही काय, सर? हा तर मरून राह्यला. याच्या माणसांले बोलवा ना."

सर पेटी बंद करू शकले नाहीत आणि पुढंही धरू शकले नाहीत. त्यांनी ती खाटेच्या कडेला ठेवली आणि लालीबाईला हाक मारायला धावले. संध्याकाळी पाच वाजता देवसिंगचा श्वास थांबला. डॉक्टरीणबाईनं घड्याळात पाहून वेळ लिहिली.

७

सर त्यानंतरही दर रविवारी नाल्यावर गेले. तपकिरी पाखरू पुन्हा दिसलं नाही. बाकीची हळूहळू परतली, आधी पिवळी, मग निळी. सर ती वहीत उतरवत आणि मागं वळून पाहत. मागं कोणीच नसायचं.

पुण्याहून दोनदा फोन आला. नवे फोटो पाहून जाणकाराचा आवाज आनंदानं कापत होता. तेच आहे, नमुना लगेच पाठवा, जंगल वाचवायला एवढा पुरावा पुरे आहे. सरांनी पेटी कापसात गुंडाळली, खोक्यात भरली, खोक्यावर पत्ता लिहिला. तीन आठवडे ते खोकं टेबलावरच राहिलं.

दिवाळीनंतर एका बाजाराच्या दिवशी लालीबाई एकटीच बसनं बोरी अरबला आली. जयाबाईंनी तिला पाणी दिलं, चहा ठेवला. लालीबाईनं पाणी घेतलं. चहाला हात लावला नाही.

"सर, मले ते पाहू द्या."

"काय, बाई?"

"तुम्हाले माहीत आहे." ती रागानं बोलत नव्हती. "तुम्ही ते दवाखान्यात घेऊन आले, त्याच्या आदल्या दिवशी हे मले म्हणे, लाली, मी सरच्या कपाटात आहो. डांबरगोळीच्या वासानं जीव घाबरते म्हणे."

त्या पेटीच्या कोपऱ्यात सरांनी डांबरगोळी ठेवली होती. हे जयाबाईंनाही माहीत नव्हतं.

त्यांनी खोकं फोडलं, कापूस सोडला आणि पेटी खिडकीशी ठेवली. लालीबाईनं पाखराकडं नीट पाहिलंसुद्धा नाही. तिनं पदर सारखा केला, कपाळावरचे केस मागं सारले आणि ऊन आपल्या तोंडावर पडेल अशा बेतानं ती पेटीसमोर उभी राहिली. बराच वेळ. मग तिनं गावातल्या चार गोष्टी सांगितल्या. शेळी व्याली. टिनाचं छप्पर एका बाजूनं उचकटलं होतं, ते पूनमसिंगनं ठोकून दिलं.

जरा वेळानं तिनं विचारलं, "सर, हे किती दिवस राह्यते?"

खोटं बोलावं असं सरांच्या मनात आलं, पण जमलं नाही. "पुण्याले पाठवलं तर ते बंद कपाटात ठेवतील. अंधारात, औषध टाकून. शंभर वर्षं राहीन. जास्तीच."

"शंभर वर्षं."

"हो."

"अन् इथं, उजेडात?"

"उजेडानं रंग उडते. ठिपके पुसल्या जातात. चार-पाच वर्षांत काही दिसत नाही मंग."

लालीबाईला विचार करायला वेळ लागला नाही. "मंग उजेडातच ठेवा."

सरांनी जयाबाईंकडं पाहिलं. दोघांनाही ठाऊक होतं, पेटी इथं राहिली तर पुरावा राहणार नाही आणि पुरावा नसेल तर नाल्याकाठी काही राहणार नाही. जयाबाईंनी टेबलावरचं पत्त्याचं खोकं उचललं आणि घडी करून चुलीपाशी ठेवलं.

फेब्रुवारीत खदानीची मशीनं आली. आठवडाभरात बांबू गेला, साग गेला, दिवसातून दोनदा सुरुंगाचे बार होऊ लागले. आता सर रविवारी घरीच असतात. पेटी दक्षिणेच्या खिडकीत आहे. काचेवर धूळ बसू नये म्हणून जयाबाई ती रोज पुसतात आणि पुसताना पेटीसमोर उभं राहणं मुद्दाम टाळतात. दुसऱ्या वर्षी पंखांचा तपकिरी रंग चहाच्या डागासारखा फिका झाला. तिसऱ्या वर्षी एक ठिपका गेला, मग दुसरा.

लालीबाई बाजाराच्या दिवशी येते. परवाही आली होती. ऊन तिरपं झालं होतं आणि सर नकळत तिच्या शेजारी, खिडकीशी येऊन उभे राहिले होते. उरलेल्या दोन ठिपक्यांपैकी कोणता आधी जाईल, ते पाहत होते. ती सांगत असलेली गोष्ट अर्ध्यात थांबवून लालीबाई त्यांच्याकडं वळली.

"सर, थोडं बाजूले व्हा," ती हळूच म्हणाली. "तुमची सावली पडून राह्यली त्यायच्यावर."